बक्षिसाचा धडा

गुणांचा गौरव व्हावा, हें तत्त्व इतकें सर्वमान्य आहे कीं, त्याविषयीं शंका घेणारा मनुष्य एक तर मत्सरी असावा, किंवा त्याला स्वतःला कधीं बक्षीस मिळालेलें नसावें, असाच समज होण्याचा संभव फार. आम्हांला लहानपणीं दोन-तीन बक्षिसें मिळालीं आहेत, हें आरंभींच सांगून टाकतों. म्हणजे वाचकांचा निदान दुसरा संशय तरी दूर होईल.

थंडीचे दिवस आले कीं आपल्याकडील शाळांतून स्नेहसंमेलनांचा हंगाम सुरू होतो. मांडव पडतो, पाहुणे येतात, नाच-गाणीं होतात, आणि त्यांच्या आधीं शाळेचा वार्षिक अहवाल वाचला जातो. हा अहवाल कोणी ऐकत नाहीं, असा एक समज आहे. तो खरा नाहीं. आईबाप आपल्या मुलाचें नांव येतें काय म्हणून ऐकतात. आणि मुलें तर फारच लक्षपूर्वक ऐकतात, कारण मोठ्या माणसांना खरोखर काय आवडतें, हें चारचौघांत उघडपणें सांगितलें जाण्याचा वर्षांतला तो एकच दिवस असतो. शिष्यवृत्तीच्या परीक्षेस किती बसले व किती उतरले, चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांत कोणास कोणती श्रेणी मिळाली, कबड्डीचा संघ कोठपर्यंत गेला, ‘इन्स्पायर-मानक’ योजनेसाठीं कोणाची कल्पना निवडली गेली, अशा रीतीनें सबंध वर्ष पंधरा मिनिटांत श्रोत्यांपुढून निघून जातें. ह्या यादीस नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु ती ऐकतांना हल्लीं आमच्या मनांत एक प्रश्न उभा राहतो, आणि तो एका चुकीमुळें उभा राहिला आहे. ती चूक आमची स्वतःची असल्यामुळें ती सांगण्यास आम्ही मोकळे आहों.

२०२४ सालच्या जानेवारींत माणदेशांतील एका गांवच्या माध्यमिक शाळेनें आम्हांस पाहुणे म्हणून बोलाविलें. शाळा सार्वजनिक पैशावर चालणारी. मुलें शेतकऱ्यांचीं, मेंढपाळांचीं, रोजगारावर जाणाऱ्यांचीं. शनिवारचा दिवस होता. सकाळीं विज्ञान-प्रदर्शन आणि सायंकाळीं बक्षीस-समारंभ असा बेत होता, आणि प्रदर्शनाच्या परीक्षणाचें कामहि पाहुण्यांकडेच सोंपविण्यांत आलें होतें. तीन वर्गखोल्यांत मिळून चाळीसएक प्रयोग मांडलेले होते. आधींच्या ऑगस्टांत, म्हणजे २३ ऑगस्ट २०२३ रोजीं, चंद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशांत उतरलें होतें. त्यामुळें यानाच्या प्रतिकृति जागोजाग दिसत होत्या. त्यांपैकीं एक फारच देखणी होती. चंदेरी कागद, लुकलुकणारे दिवे, आणि कळ दाबतांच उतरत्या फळीवरून खालीं येणारी छोटी गाडी. ती मांडणाऱ्या दोघां मुलांनीं सर्व माहिती न अडखळतां म्हणून दाखविली.

शेजारच्या खोलींत खिडकीजवळच्या बांकावर एक तक्ता आणि एक वही एवढेंच होतें. इयत्ता आठवीच्या वर्गानें जूनपासून दर शनिवारीं गांवांतील सहा विहिरींचें पाणी मोजलें होतें. पद्धत साधी होती. दोरीला दगड बांधावयाचा, दोरीवर फुटा-फुटाला गांठी मारावयाच्या, दगड पाण्याला टेंकला कीं कठड्याच्या माथ्यापर्यंतच्या गांठी मोजावयाच्या, आणि त्यांतून कठड्याची उंची वजा करावयाची. म्हणजे जमिनीपासून पाणी किती खोल आहे तें निघतें. सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक विहिरींची पातळी वर्षांतून चार वेळां मोजते. ह्या मुलांनीं आपल्या विहिरींची पातळी सात महिन्यांत तीसएक वेळां मोजली होती.

तक्त्यावर सहा रेघा होत्या. त्यांतली एक रेघ शेवटीं शेवटीं तांबड्या शाईनें खोडलेली होती, आणि तिच्या थोडी वर दुसरी काढलेली होती. चौकशी करतां कळलें तें असें. दिवाळीच्या सुटींत त्या विहिरीचा पडका कठडा नव्यानें बांधण्यांत आला आणि तो पूर्वींपेक्षां दोन फूट उंच झाला. मोजणारीं मुलें मात्र जुनीच उंची वजा करीत राहिलीं. त्यामुळें नऊ आठवडे त्या विहिरीचें पाणी खरें होतें त्याहून दोन फूट खोल दिसत राहिलें. शेजारच्या विहिरीचें पाणी एवढें उतरलें नसतां हिचेंच कसें उतरलें, असा प्रश्न वर्गांतील एका मुलीला पडला. ती पुन्हां विहिरीवर गेली, तिनें कठडा मोजला, आणि वर्गांत येऊन सांगितलें कीं आपले नऊ आंकडे चुकले आहेत.

तक्त्याशीं तीच उभी होती. “हें खोडलेलें कशाला ठेवलें? नवा तक्ता करावयाचा होता,” असें आम्हीं म्हटलें. ती म्हणाली, “नवा केला असता, सर, पण मग आमचं कुठं चुकलं, ते पुढच्या वर्गाला कसं कळणार?”

हें उत्तर आम्हीं ऐकलें, मान डोलाविली आणि पुढें गेलों. आमच्या हातांतील कागदावर ‘मांडणी’, ‘आकर्षकता’ आणि ‘सादरीकरण’ असे रकाने छापलेले होते, आणि ते भरण्याची आम्हांला घाई होती. सायंकाळीं पहिलें बक्षीस यानाला दिलें गेलें, तें आमच्याच हस्तें. विहिरींना कांहींच मिळालें नाहीं. अहवालांत त्यांचा उल्लेख अर्ध्या वाक्यांत आला: “तसेंच इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांनीं विहिरींचें सर्वेक्षण केलें.” परतीच्या एस्. टी.त बसल्यावर तें उत्तर पुन्हां आठवलें, आणि तेव्हांपासून तें आमची पाठ सोडीत नाहीं.

कोणी म्हणेल, त्या मुलीवर अन्याय झाला, एवढीच ना गोष्ट? परीक्षक चुकतात, तिला पुढें दुसरें बक्षीस मिळेल. आम्हींहि प्रथम असाच विचार केला, आणि तिच्या नांवें एखादें पुस्तक पाठवून मोकळें व्हावें असें मनांत आणलें. परंतु जसजसा विचार केला तसतसें वाटूं लागलें कीं, झालेल्या चुकीचा त्या मुलीशीं संबंध सर्वांत कमी आहे. तिला जें मिळावयाचें तें विहिरीवरच मिळालें होतें. शंका आली, ती खरी ठरली, आणि आपल्या हातून चुकलेलें आपणच दुरुस्त केलें, ह्या समाधानांत आमच्या पेल्यानें कितीशी भर पडली असती? नुकसान झालें तें मांडवांत बसलेल्या इतर तीनशें मुलांचें. त्यांनीं त्या सायंकाळीं एक धडा घेतला. खोडलेल्या तक्त्यापेक्षां लुकलुकणारा दिवा मोठा; स्वतः शोधून काढलेल्या चुकीपेक्षां पाठ म्हटलेली माहिती मोठी; आणि हें गांवाबाहेरून आलेल्या शिकल्यासवरल्या पाहुण्याचें मत आहे. वर्षभर वर्गांत शिक्षकांनीं प्रामाणिकपणावर जे धडे दिले असतील, ते आम्हीं दहा मिनिटांत पुसून टाकले.

बक्षीस ज्याला मिळतें त्याच्यापेक्षां ज्यांना मिळत नाहीं त्यांनाच तें अधिक शिकवितें, असें आमचें मत त्या दिवसापासून झालें आहे. म्हणून कोणत्याहि गुणगौरवाविषयीं विचारावयाचा नैतिक प्रश्न हा कीं, तो पाहणाऱ्यांना त्यांतून काय शिकावयास मिळालें? ज्याचा गौरव झाला तो लायक होता किंवा नव्हता, हा प्रश्न त्याच्या मागून येतो.

ह्या कसोटीवर जुनी एक गोष्ट घांसून पाहण्यासारखी आहे. १८४८ सालीं पुण्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा काढली. पुढील कांहीं वर्षांत त्यांच्या शाळांतील मुलींच्या जाहीर परीक्षा घेण्यांत येत, आणि त्या पाहण्यास मोठा जनसमुदाय जमे. १८५२ सालीं विश्रामबागवाड्यांत सरकारच्या वतीनें मेजर कँडी यांच्या हस्तें जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार झाला. ह्या समारंभांत थाट नव्हता असें नाहीं. परंतु त्यांतून पाहणाऱ्यांना काय शिकावयास मिळालें? मुलीला विद्या येते, शूद्रातिशूद्रांच्या लेकरांना विद्या येते, हें जें पुण्याला खरें वाटत नव्हतें तें पुण्यानें डोळ्यांनीं पाहिलें. तो गौरव म्हणजे एक साक्ष होती. १८५५ सालीं ह्याच शाळेंत शिकलेल्या मुक्ता साळवे ह्या मांग समाजांतील मुलीनें मांग-महारांच्या दुःखाविषयीं लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’ पत्रानें छापला. शाळेच्या इतिहासांत ह्याहून मोठी विद्यार्थिनीची कामगिरी क्वचित् घडली असेल. आणि तींत तिचा क्रमांक कितवा होता, हा प्रश्न कोणाच्या मनांतहि येत नाहीं. तिला कांहीं सांगावयाचें होतें, शाळेनें तिला तें लिहितां येईल असें केलें, आणि एका पत्रानें तें लोकांपुढें ठेविलें.

आतां हल्लींचें पाहूं. २०२५ सालच्या दहावीच्या परीक्षेस महाराष्ट्रांत १५ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले, आणि त्यांपैकीं २११ जणांना शंभरपैकीं शंभर टक्के मिळाले. दोनच वर्षांपूर्वीं, २०२३ सालीं, हा आंकडा १५१ होता. सर्वोत्तम पांच विषयांची बेरीज धरण्याची पद्धत आणि क्रीडा व कला यांचे वाढीव गुण, यांचाहि त्यांत भाग असतो; परंतु त्या मुलांनीं कष्ट केले आहेत यांत संशय नाहीं, व त्यांचें अभिनंदन करण्यांत आम्ही कोणाच्या मागें नाहीं. उच्च क्रमांक हा नेहमीं पोकळच असतो, असेंहि नाहीं. चिंतामणराव देशमुख १९१२ सालीं मॅट्रिकच्या परीक्षेंत पहिले आले व संस्कृतची पहिली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांना मिळाली. १९४३ सालीं रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर होऊन त्यांनीं त्या क्रमांकाला आयुष्यभराची जोड दिली. परंतु निकालाच्या दुसऱ्या दिवशीं चौकाचौकांत जे फलक लागतात, त्यांवर मुलाचा चेहरा लहान आणि शाळेचें वा शिकवणीवर्गाचें नांव मोठें असतें. तेथें मूल कोणासाठीं उभें आहे? मनुष्याला केवळ साधन म्हणून वापरूं नये, असें कांट ह्या जर्मन तत्त्ववेत्त्यानें १७८५ सालीं लिहिलें. पंधरा वर्षांच्या मुलाचें छायाचित्र पुढील वर्षीं गिऱ्हाईक आणण्याच्या कामीं लावणें, हें त्याला साधन करणें नव्हे तर काय? साक्ष मुलाच्या बाजूनें बोलते; जाहिरात मुलाच्या तोंडून आपलें बोलून घेते. दोन्हींतील वाक्यें मात्र पुष्कळदां एकच असतात, आणि म्हणूनच घोंटाळा होतो.

हा सर्व विचार आम्हीं त्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना पत्रानें कळविला. त्यांचें उत्तर आलें तें सौजन्याचें होतें, पण सोपें नव्हतें. त्यांनीं लिहिलें कीं, तुम्हीं म्हणतां तें पटतें. परंतु आमच्या गांवांत रोज सकाळीं इंग्रजी माध्यमाच्या शाळेची पिवळी बस येते. संचमान्यतेंत शिक्षकांचीं पदें पटावरून ठरतात. फलकावर टक्के नसले तर पालक त्या बसकडे पाहतात. पट घटला कीं तुकडी जाते, तुकडी गेली कीं शिक्षक अतिरिक्त ठरतो. ज्या शिक्षकानें मुलांना विहिरीवर नेलें तो सर्वांत शेवटीं रुजू झालेला असल्यामुळें पहिल्यानें जाणार तोच. मग तुमच्या त्या मुलीला शंका घेण्यास शिकविणार कोण?

हें वाचून आम्ही कांहीं वेळ स्तब्ध झालों. दूर बसून नीति सांगणें सोपें असतें. आपलें घर चालविण्यासाठीं बाजारांत ओरडावें लागणाऱ्या मनुष्याला मौनाचे फायदे सांगण्यांत शहाणपण नाहीं. फलक लावूं नका, असें त्या बाईंना सांगण्याचा आम्हांला अधिकार नाहीं, आणि आम्हीं तसें सांगितलेंहि नाहीं. दोष असलाच तर सार्वजनिक शाळेला आपलें अस्तित्व टक्क्यांनीं सिद्ध करावयास लावणाऱ्या आम्हां सर्वांचा आहे. कारण मुलाचें नांव घालतांना आपण पालक म्हणून ‘निकाल किती?’ एवढेंच विचारतों. परंतु त्याच उत्तरांत एक वाट आम्हांला दिसली. त्या गांवच्या पालकांना टक्के कळतात, हें खरें. पण पाणी त्यांना टक्क्यांपेक्षां अधिक कळतें. आपल्या मुलांनीं सहा विहिरींचा सात महिन्यांचा हिशेब ठेवला आहे, आणि एक विहीर आटत चालल्याचा भास खोटा होता हें आठवींतल्या एका मुलीनें दाखवून दिलें, हें जर त्या मांडवांत पांच मिनिटें नीट सांगितलें असतें, तर त्या शाळेची ह्याहून चांगली शिफारस कोणती झाली असती? १८८२ सालीं हंटर आयोगापुढें जोतीरावांनीं जी कैफियत दिली, तींत रयतेच्या पैशावर वरच्या वर्गांचें शिक्षण चालतें व रयत मात्र अडाणी राहते, अशी तक्रार होती. सार्वजनिक शाळा रयतेची देणेकरी आहे. तिचा अहवाल म्हणजे त्या देण्याचा हिशेब. आणि हिशेब समजेल असा द्यावा, हें उघड आहे.

दुसरा आक्षेप जुना आहे. बक्षिसें नसलीं तर मुलें कष्ट करणार नाहींत, असें म्हणतात. फळाची आशा न धरतां कर्म करावें, हा गीतेचा उपदेश मोठ्यांनाहि पेलत नाहीं, मग तो लहानांवर कां लादावा? आक्षेप रास्त आहे. पण अनुभव काय सांगतो? लेपर, ग्रीन व निस्बेट ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १९७३ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग ह्या बाबतींत विचार करावयास लावणारा आहे. चित्रें काढण्याची आवड असलेल्या बालवर्गांतील कांहीं मुलांना त्यांनीं आधीं सांगितलें कीं, चित्र काढलें तर सोनेरी शिक्क्याचें प्रशस्तिपत्र मिळेल. कांहींना न सांगतां मागाहून तें दिलें. कांहींना दिलेंच नाहीं. पुढें कांहीं दिवसांनीं पाहतां, ज्यांना आधीं लालूच दाखविली होती तीं मुलें आपण होऊन चित्रें काढण्यांत इतरांपेक्षां बराच कमी वेळ घालवूं लागलीं होतीं. ज्यांना अकस्मात् बक्षीस मिळालें त्यांची आवड मात्र घटली नव्हती. बक्षीस विषारी नाहीं. तें कामाच्या पुढें उभें राहिलें कीं काम दिसेनासें होतें, एवढेंच. कामाच्या मागून आलें तर तें शोभतें.

आणि बक्षीस घेणाऱ्यालाहि धड्याचा अर्थ बदलतां येतो, हें आपल्याच महाराष्ट्रांतील एका शिक्षकानें दाखवून दिलें आहे. २०२० सालच्या डिसेंबरांत सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना दहा लक्ष डॉलरांचा जागतिक शिक्षक-पुरस्कार मिळाला. त्यांनीं त्यांतील अर्धी रक्कम अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांना वांटून देण्याचें जाहीर केलें. तो समारंभ एकाला निवडण्यासाठीं योजला होता. पाहणाऱ्यांना मात्र त्यांतून असें शिकावयास मिळालें कीं, पहिला आणि दहावा हे एकाच कामाचे वांटेकरी आहेत. आमच्या यानवाल्या दोघां मुलांनाहि कदाचित् असें कांहीं सुचलें असतें. परंतु तसें सुचण्यास मोठ्यांनीं आधीं वाट करून द्यावी लागते. त्या मुलांचा ह्यांत कांहींच दोष नाहीं. त्यांनींहि रात्रीं जागून कागद चिकटविले असतील.

तेव्हां शाळांनीं काय करावें? आम्हांला मोठी योजना सांगतां येत नाहीं. अहवालांत नांवांच्या यादीबरोबर निदान एका कामाची संपूर्ण हकीकत असावी: काय करावयास घेतलें, कोणी कोणी हात लावला, कोठें चुकलें आणि चूक कशी सांपडली. वर्गानें केलेलें काम दोघांच्या नांवावर जमा होऊं नये. आणि आमच्यासारख्या पाहुण्यांच्या हातीं रकान्यांचा कागद देतांना त्यांत एक रकाना रिकामा ठेवावा, त्यावर लिहावें: ‘ह्या मुलांकडून परीक्षकाला काय शिकावयास मिळालें?’ तो रकाना भरण्यासाठीं परीक्षकाला बांकापाशीं थांबावें लागेल, आणि पुष्कळ चुका केवळ थांबण्यानेंच टळतात.

हा लेख त्या मुलीला दिलेलें उशिराचें बक्षीस आहे, असें कोणी समजूं नये. तिचें नांव आम्हीं मुद्दामच लिहिलेलें नाहीं. त्या सायंकाळीं ज्या तीनशें मुलांना आम्हीं चुकीचा धडा दिला, त्यांना तो तांबड्या शाईनें खोडून दाखविणें एवढेंच आमच्या हातीं उरलें आहे. तक्ता नवा करून भागणार नाहीं, हें आम्ही तिच्याकडूनच शिकलों.

मुख्याध्यापिकाबाईंनीं पत्राच्या शेवटीं सहज एक गोष्ट लिहिली होती. संमेलनाच्या धांदलींत त्या शनिवारची मोजणी राहून गेली होती. रात्रीं मांडव उतरत असतां ती मुलगी आपल्या शिक्षकांकडे येऊन विचारीत होती, “सर, आजचं मोजायचं राहिलं. उद्या रविवारी मोजलं तर वहीत तारीख बदलून लिहायची ना?”